नाव नको, वास सांग

ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या घरात माझी शाळेची जर्सी कधी मुक्कामाला राहिली नाही. ती चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत राहायची. सकाळी मी घरच्या स्वेटरमध्ये बाहेर पडायचे. बाबा गाडी सुरू करून काचेवरचा बर्फ खरवडत असायचे, आणि मी मागच्या सीटवर कुडकुडत स्वेटर काढून जर्सी चढवायचे. माझा धाकटा भाऊ ओम पुढे बसून रोज तेच विचारायचा, "व्हाय आर यू सो वीअर्ड?" बाबा मात्र कधी काही विचारत नसत. त्यांना कारण ठाऊक होतं. वर्गातल्या एका मुलीने माझ्या शेजारची खुर्ची सोडून दुसरी मागितली होती, आणि बाईंनी का म्हणून विचारल्यावर अगदी सभ्यपणे, आवाज खाली घेऊन, सांगितलं होतं की मुग्धाच्या कपड्यांना वास येतो. मी तिचं दप्तर खिडकीतून बाहेर फेकलं. त्या दिवशी घरी पाठवलं ते मला. ती तिथेच, नव्या खुर्चीवर, बसून राहिली. मी पुढे आयुष्यात बऱ्याच जणांना माफ केलं, व्यवहारात करावंच लागतं, पण त्या बाईंना नाही.

वास यायचाच. तिथल्या हिवाळ्यात खिडक्या उघडायची सोय नाही, कपडे वाळायचे ते बैठकीतल्या स्टँडवर, आणि स्वयंपाकघराला दार नव्हतं. आईने तेलात मोहरी टाकली की ती तडतडायच्या आधी पॅसेजमधला स्मोक अलार्म किंचाळायचा. मग ओमने टॉवेल हलवत त्याच्याखाली नाचायचं, बाबांनी खुर्चीवर चढायचं, आणि आईने गॅसजवळून "झालं, झालं, होतंय बंद" असं त्या यंत्रालाच समजावायचं. शेवटी बाबांनी अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी त्या अलार्मवर चढवून टाकली. तेव्हापासून आमच्या घरात फोडणी शांततेत व्हायला लागली. बाबा आयटीत होते. त्यांच्या सगळ्या कामांत ते काम मला सर्वांत उपयोगाचं वाटायचं.

आई फार्मसिस्ट. दिवसभर पांढऱ्या उजेडात गोळ्या मोजायची आणि संध्याकाळी घरी आली की पर्स ठेवायच्या आधी कढई ठेवायची. मराठी मंडळातल्या लोकांना ती औषधांसाठी कमी आणि नैवेद्यासाठी जास्त माहीत होती. मंडळाचा गणपती माउंट रॉस्किलच्या एका हॉलमध्ये बसायचा, आणि पहिल्या दिवशीचे उकडीचे मोदक वैशालीचेच, असं ठरूनच गेलं होतं. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा आईला इथे कोणी ओळखत नव्हतं. मोदकांनी ओळख दिली. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही, पण गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ती चालायची निराळी.

माझं नाक त्या काळात एकाच कामाला जुंपलेलं होतं. बाही नाकाला लावायची, केसांचा शेंडा नाकाला लावायचा, दप्तराचा पट्टा हुंगायचा. येतोय का? माझा येतोय का? जगात दुसरा वासच नव्हता. शाळेमागे कापलेलं गवत असेल, मैत्रिणीच्या चिप्सवर व्हिनेगर असेल, मला त्यातलं काही पोचत नसे. मी सगळीकडे स्वतःलाच हुंगत फिरत होते.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आईचा वास गेला. म्हणजे तिला वास येईनासा झाला. तिला जोराचा फ्लू झाला होता. ताप उतरला, खोकला गेला, वास परत आला नाही. हे मला कळलं ते असं. मी वरच्या खोलीत होते आणि जळकट भपका आला. धावत खाली आले तर डाळ तळाला लागून काळी झालेली, धूर वर चाललेला, अलार्म टोपीखाली गप्प, आणि आई शेजारच्याच ओट्यावर कोथिंबीर निवडत उभी. पाठ कढईकडे. चेहरा अगदी निवांत.

"आई, जळतंय."

तिने वळून पाहिलं, गॅस बंद केला, आणि धुराकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. बाबांना बोलू नकोस. मंडळात तर मुळीच नको."

"नाकानं काय एवढं? डोळे आहेत, हात आहेत."

"नैवेद्य चाखत नाहीत, मुग्धे," ती म्हणाली. "मी नाकानेच करते."

हे खरं होतं. आमच्याकडे देवाला दाखवायच्या आधी जिभेवर कणसुद्धा ठेवायचा नाही, भांड्यावर वाकून हुंगायचंही नाही. उभ्या उभ्या जेवढा आपसूक येईल तेवढा वास आपला. तेवढ्यावर आईला मीठ कमी पडलंय हेही कळायचं. मिठाला वास नसतो असं मी एकदा तिला म्हटलं होतं. ती म्हणाली, मीठ कमी असेल तर बाकीच्यांना असतो.

मग तिने मला नाक म्हणून वापरायला सुरुवात केली. मला विचारलं नाही, ठरवलं. ओमला स्विमिंगला पाठवलं, पोहायचे टॉग्ज आणि टॉवेल देऊन, आणि मला ओट्यापाशी उभं केलं. हाही राग आहेच.

पहिल्या दिवशी तिने तुपात काहीतरी टाकलं आणि म्हणाली, "डोळे मीट. काय येतंय?"

"जिरं."

"जिरं मीच टाकलंय. ते नाव झालं. नाव नको, वास सांग."

"छान येतोय."

"छान तुला वाटतंय. तुझं तुझ्याजवळ ठेव. वास सांग."

मी चिडले. "वासाचं वासाशिवाय काय सांगणार? उगाच छळू नकोस."

"ते तू बघ. मला बघता आलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

असं बरेच दिवस चाललं. मी नावं सांगायचे, ती मान हलवायची. मी आवड-नावड सांगायचे, ती हात झटकायची. आठवणी सांगितलेल्याही तिला चालत नसत, "आत्याच्या घरासारखं" म्हटलं की म्हणायची, "आत्या नकोय मला भातात." एका संध्याकाळी मी इतकी वैतागले की तोंडात येईल ते बोलून मोकळी झाले. तांदूळ शिजत होता. मी म्हटलं, "गरम. मग ओलं. मग गोड, पण जिभेवरचं नाही, त्याच्याही मागे कुठंतरी. मग काहीच नाही. आता परत गरम, पण आधीपेक्षा पातळ." मी गप्प झाले तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते.

"आला," ती म्हणाली.

नंतर तिने डोळे पुसले आणि मला कांदा चिरायला दिला, म्हणजे त्याबद्दल बोलायला नको.

त्या वेळी माझ्याही बाबतीत काहीतरी झालं होतं, ते मला पुढे बऱ्याच उशिरा समजलं. ते गरम आणि ते ओलं येऊन जात होतं तेवढा वेळ 'माझा येतोय का' हा प्रश्न नव्हता. प्रश्न विचारणारी नव्हती. नाक होतं असंही म्हणता येत नाही. नाक आणि बाहेरचं असे दोन भागच नव्हते. नुसतं येत होतं आणि जात होतं. मी परत आले ती कांद्यापाशी, आणि आल्याबरोबर पहिली बाही हुंगली.

आज मनुरेवात माझं गोदाम आहे. सुका मेवा, डाळी, मसाले. पोत्याला पोकळ सुई टोचून चिमूटभर माल तळहातावर घेते तेव्हा समोरचा व्यापारी बोलायचं थांबतो. पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्यांना वाटतं मी भाव पाडायला वेळ काढते. एक श्वासभर भाव, माल, व्यापारी, यांतलं काहीच माझ्या ध्यानात नसतं. दुसऱ्या श्वासाला मात्र मी परत येते, आणि मग त्याची खैर नसते.

घासाघीस मी लहानपणीच शिकले, पुण्याच्या मंडईत बाबांचा हात धरून. बाबांना जमायची नाही, म्हणून मला जमली. विकणारा मालाबद्दल जे बोलतो ते कधी ऐकायचं नाही, हा त्यातला पहिला धडा. गोड आहे म्हणाला तर आंबट समजायचं, शेवटचाच उरलाय म्हणाला तर मागे ढीग असतो. ऑकलंडला रविवारच्या बाजारात लोक पाटीवरची किंमत वाचून पैसे देतात, नाहीतर पुढे जातात. मी तिथे उकिडवी बसून माल हातात घ्यायचे, तोंड वाकडं करायचे, उठायचे, परत यायचे. आई लांब जाऊन उभी राहायची. बाबा लपून बघायचे आणि गाडीत म्हणायचे, "काय झोपवलं गं त्याला."

त्या वर्षी मोदकांचे नारळ आणायचं काम मी मागून घेतलं. टोंगाची एक बाई नारळ विकायची, कायम लोकरी टोपी घातलेली. सगळे तिला आंटी म्हणायचे. पुढे मांडलेले नारळ मी हलवून पाहिले, महाग वाटले. टेबलाखाली आणखी एक पोतं होतं. मी त्याला हात घातला.

"नॉट दोज, डार्लिंग," आंटी म्हणाली. "ओल्ड वन्स. फॉर ऑइल. नॉट फॉर ईटिंग."

मी मनात हसले. खालचा माल राखून ठेवायचा आणि वरचा महाग विकायचा, इतकी साधी युक्ती. मी ते पोतंच धरून बसले. ती पुन्हा पुन्हा नको म्हणाली, आणि तिच्या प्रत्येक नकाराबरोबर मला माल चांगला असल्याची खात्री पटत गेली. शेवटी तिने वैतागून, जवळजवळ फुकटात, ते मला देऊन टाकलं. मी गाडीकडे चालले तेव्हा ती मागून परत म्हणाली, "फॉर ऑइल, ओके?" मी मान डोलावून "स्वीट ॲज, आंटी" म्हटलं आणि घरी येईपर्यंत बाबांना तो किस्सा रंगवून सांगितला.

बाजारात तिला कोणी तसं वागवलं नसेल. ती सरळ बोलत होती, आणि सरळ बोलणं म्हणजे काय हे ओळखायची सवयच मला नव्हती.

गणपतीच्या दिवशी बाबा पहाटेपासून गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून खवणीवर बसले होते. एरवी नारळ फोडला की पहिला तुकडा तोंडात टाकून बघतात. नैवेद्याच्या नारळाचा तुकडा कोण तोंडात टाकणार? आणि गॅरेजमध्ये लॉनमोवरच्या पेट्रोलशिवाय दुसरा वास येत नसे. आधीच्या वर्षापर्यंत खोबऱ्याची परात स्वयंपाकघरात आली की आई लांबूनच, नुसत्या वासावर, एखादी वाटी बाजूला काढायला सांगायची. या वर्षी परात आली आणि कढईत गेली. त्यावर गूळ गेला.

आई सोवळ्याची जुनी रेशमी साडी नेसली होती. कालथा कढईला घासत होता, गूळ सुटायला लागला की तो आवाज जड होतो, तो तिला कळत होता. वेलदोडा टाकून तिने माझ्याकडे पाहिलं. "सांग."

मी डोळे मिटले. तोवर मला ते येऊ लागलं होतं. आधी दाट, खाली बसणारं, ओलसर. त्यावरून काहीतरी थंड चमकून गेलं. परत दाट. कालथ्याचा आवाज त्यातच होता, वेगळा नव्हता. उजव्या गालाला कढईची धग होती, आणि ती गालाला होती असं नाही, नुसती धग होती. मग त्या दाटपणात मध्येच एक सपाट जागा आली. मी तेही बोलत होते, आवाज माझा होता एवढंच. "मध्ये एक जागा आहे. सपाट. गोड तिथपर्यंत जात नाही. मेणासारखी. पुष्कळ दिवस डोक्यावर राहिलेल्या टोपीच्या आतल्या कडेसारखी. गेली. आता पुन्हा आली."

कालथा थांबला.

"खवट आहे," आई म्हणाली, आणि गॅस बंद केला.

तो शब्द आला आणि त्याच्याबरोबर मी आले, सगळीच्या सगळी. नारळ माझे, पोतं मी मिळवलेलं, आंटीचा आवाज, गाडीत मारलेल्या बढाया. अंग पेटल्यासारखं झालं. मी म्हटलं, "खवटबिवट काही नाहीये. तुला काय कळतंय? तुला वास तरी येतो का?"

बाबा दारात उभे होते, हातात दुसरी परात.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. "रवा काढ, मिलिंद," ती म्हणाली. "आणि दूध. शिरा करते. अजून वेळ आहे."

बाबांनी परात खाली ठेवली, रवा काढून दिला, आणि मग पॅसेजमध्ये खुर्ची नेली. वर चढून त्यांनी अलार्मवरची टोपी काढली आणि घडी करून खिशात ठेवली. आईने तूप तापवायला घेतलं, रवा भाजायला लागला, आणि अलार्म किंचाळायला लागला. ओम जिन्यातून अर्धवट झोपेत ओरडला, "सिरियसली?" पुढची कित्येक वर्षं, आमच्या प्रत्येक फोडणीला, ते यंत्र ओरडत राहिलं. परत कोणी टोपी घातली नाही.

हॉलमध्ये विद्याकाकू प्रसादाच्या टेबलापाशी होत्या. मंडळाचं सगळं त्यांच्या हातात. हॉस्पिटलात नर्सिंगमध्ये मोठ्या हुद्द्यावर असल्यामुळे त्या सगळ्यांशी पेशंटसारखं बोलायच्या. त्यांनी डब्याचं झाकण उचललं. "शिरा? अगं वैशाली, मोदक कुठायत?"

"खोबरं खवट निघालं," आई म्हणाली. तिने क्षणभर गणपतीकडे पाहिलं. "हिवाळ्यापासून मला वास येत नाही, विद्याताई. म्हणून आधी कळलं नाही."

आजूबाजूच्या बायकांचं ताम्हन, फुलं, निरांजन, सगळं थांबलं. तिने इतके दिवस जपलेली गोष्ट अशी टेबलावर ठेवून दिली होती, डब्याशेजारी.

मला राहवलं नाही. मी मोठ्यांदा म्हटलं, "नारळ मी आणले. विकणारी सांगत होती खायचे नाहीत म्हणून. मी ऐकलं नाही. आईचा काही संबंध नाही."

विद्याकाकूंनी माझ्या गालाला हात लावला. "बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "आईला कसं सांभाळून घेते. नाहीतर आपली मुलं."

"सांभाळून घेत नाहीये, काकू. खरंच मी आणले."

"हो गं राजा. आम्हाला कळत नाही का?"

जितकं जोरात सांगावं तितकी मी गुणी होत गेले. कोणीतरी माझ्या हातात फुलं दिली. मला वाटत होतं तिथल्या तिथे फरशी उघडावी. दुसऱ्या वर्षी नैवेद्य दुसऱ्या कोणाकडे गेला. "तू आता आराम कर वैशाली," विद्याकाकूंनी फोनवर सांगितलं, अगदी मायेने. तो फोन मी दारामागून ऐकला. विद्याकाकूंशी पुढे माझे व्यवहारही झाले, आणि मी त्यांना कधी एक पैसा सोडला नाही. पण खरा राग त्यांच्यावर नाहीच. माझी चूक मी चव्हाट्यावर मांडली आणि ती कोणी घेतलीच नाही.

तरीही, नारळांची गोष्ट मी आज चारचौघांत हसत सांगते. सांगत नाही ती परतीच्या रस्त्याची.

बाबा गाडी चालवत होते, ओम पुढे होता. मागे आई आणि मी, मध्ये सीटवर उरलेल्या शिऱ्याचा डबा. आईने डबा मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. नैवेद्य दाखवून झालेला होता, आता वाकून हुंगलं तरी चालणार होतं. तिने वाकून पाहिलं. मग डबा माझ्यापुढे धरला.

"सांग," ती म्हणाली. सकाळच्यासारखंच. जणू सकाळी मी काही बोललेच नव्हते.

माझ्या अंगात राग होता, गालावर विद्याकाकूंचा हात होता, आणि केसांना तुपाचा वास लागलाय, उद्या शाळेत तो येईल, हे होतं. मी खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "शिरा आहे."

आईने थोडी वाट पाहिली. "बरं," ती म्हणाली आणि झाकण लावलं. पुढे तिने कधी विचारलं नाही. वास तिला शेवटपर्यंत आला नाही, आणि आता तीही नाही.

गाडीत तो येत होता, मी नाकारला तरी. आधी कोमट. त्यात काहीतरी सोनेरी, कडेला किंचित करपलेलं, पण दुखत नाही असं. मग मऊ, खूप मऊ, घशापाशी येऊन थांबणारं. त्यातून एक बारीक थंड रेघ वर जाते आणि तुटते. परत कोमट. काचेवर वाफ. परत मऊ. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि परत कोमट.